खोडरबर

भाड्यानं आलेलं नोटेशन परत पाठवायचं
कोरं. करारातच तसं लिहिलेलं असतं.
म्हणून मैफल झाली की दुसऱ्या दिवशी
नरिमन पॉइंटच्या तळघरात
मी खोडायला बसतो.
अठ्ठेचाळीस वह्या, दोन खोडरबर,
चुरा झटकायला दाढीचा जुना ब्रश.

आधी बँकेत होतो, क्लिअरिंगला.
तिथंही दुसऱ्यांच्या सह्याच बघायचो.

पेन्सिलीवरून माणूस कळतो.
दुसऱ्या व्हायोलिनचा फरदून
समासात चष्म्याचं चित्र काढतो, म्हणजे: वर बघ.
ओबोवाला कोपऱ्यात उधारी मांडतो.
आणि व्हायोलांच्या शेवटच्या बाकावर
बारीक, उजवीकडे कललेलं मराठी:
‘इथे रेंगाळू नकोस.’ ‘श्वास.’
‘आधी चेलो ऐक, मग ये.’
स्वतःचे सूर सोडून ही मुलगी
सगळ्यांचेच लिहून ठेवत होती.
ज्युएल तुस्कानो. मरोळ गावठाण.

ती कंडक्टर होणार म्हटल्यावर
माझ्या मेहुणीनं विचारलं, कुठल्या डेपोला?
मी हसलो नाही. मलाही कुठं
नीट सांगता आलं असतं,
जी एकही वाद्य वाजवत नाही
तिला पगार कशाचा ते.

कळलं ते विंगेत.
ऑपेरा होता. तिसऱ्या अंकात आतून, लांबून,
एक घंटा आणि बारा बायकांचा कोरस यायचा.
मोठे कंडक्टर बाहेर, उजेडात. ज्युएल आत,
दोरखंडाच्या वेटोळ्यात पाय रोवून
टीचभर पडद्यावर त्यांचा हात बघत,
आणि त्यांच्या अर्धा श्वास आधी
आपला हात टाकत.
आधी का गं?
म्हणाली, काका, लांबचा आवाज उशिरा पोचतो,
म्हणून लांबच्यांनी लवकर निघायचं.
मी तिच्या हातावर बॅटरी धरून उभा.
सहा रात्री.
टाळ्या भिंतीपलीकडे पडायच्या,
शेजारच्यांचा नळ सुटावा तशा.

मग शाळांचे कार्यक्रम, सकाळी साडेनऊला,
पोरं वेफर्स खातायत.
मग एक मे महिना, अर्धा वाद्यवृंद रजेवर,
हॉर्न चारांऐवजी दोन,
आणि त्या दोघांना तिनं
चौघांसारखं वाजवायला लावलं.
नाही, हे मी वाढवून सांगतोय. दोनच वाटले.
पण त्या संध्याकाळी दोघांनीही
माना खाली घातल्या नाहीत.

पेपरात फोटो आला
तर नेमका हातच कापलेला.

गेली. ड्रेस्डेन की कुठंतरी.
आधी गायकांना पियानोवर तालमी द्यायला,
मग मदतनीस,
मग पोस्टरवर बारीक अक्षरांत,
मग जरा कमी बारीक.
तिची आई नाताळात नेवऱ्यांचा डबा घेऊन येते,
विचारते, तिकडं मराठीत
बोलायला मिळत असेल का हो तिला कुणी?
मी म्हणतो, मिळत असेल.
नेवऱ्या चांगल्या असतात. खोबरं जास्त.

परवा जर्मनीहून खोकं आलं.
कंडक्टरची प्रत, जाडजूड, हिरव्या पुठ्ठ्याची.
कुणीतरी मन लावून खोडलेली, माझ्यासारखंच,
बोट फिरवलं तर कागद खरखरीत लागतो
तेवढाच काय तो पुरावा.
पण पान दोनशे अकराला, कोरसच्या ओळीवर,
एक शब्द राहून गेलेला.
त्या बिचाऱ्याला ती अक्षरं वाटली नसतील,
वाटली असेल छापणाऱ्याची काही खूण.
बारीक. उजवीकडे कललेला.

‘निघा.’

करार आमच्याकडूनही तोच आहे.
गुरुवारी मैफल.
शुक्रवारी मी खोडायला बसेन,
पहिल्या पानापासून, क्रमानं,
आणि दोनशे दहा झालं की
चहा प्यायला उठेन.